उत्तर आधी, रीडिंग मागाहून

जगात प्रयोग फसतात. फॅरेडेचे फसले, एडिसनचे फसले. मायकेलसन आणि मोर्ले यांचा १८८७ सालचा प्रयोग तर असा काही फसला की पुढचं निम्मं भौतिकशास्त्र त्या फसण्यावर उभं राहिलं. आपल्या विज्ञान महाविद्यालयांत मात्र प्रयोग फसत नाही. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षांना मी कधी इंटर्नल, कधी एक्स्टर्नल म्हणून बसत आलो आहे; जर्नलं चाळून बोटांना शाई लागली, पण ‘प्रयोग जमला नाही’ हे वाक्य एकाही जर्नलात वाचायला मिळालं नाही. ‘रिझल्ट’ या शब्दाखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढलेली असते, रेघेवर उत्तर असतं आणि ते बरोबर असतं. भर पावसाळ्यात बरोबर असतं, वीज गेलेली असताना बरोबर असतं, आणि हजेरीपटावर त्या दिवशी विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘अ’ असला तरी बरोबरच असतं.

आता हे घडतं कसं, ते सांगतो. सगळ्यात गरीब प्रयोग घेऊ, म्हणजे कुणाला उपकरणांना दोष देता येणार नाही. साधा लंबक. एक स्टँड, बुचाच्या दोन फाकांत चिमटलेला दोरा, खाली पितळी गोळा आणि चावीचं स्टॉपवॉच. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे ‘जी’ काढायचा. एका टेबलावर चौघं असतात. एक गोळा सोडतो, एक घड्याळ धरतो, एक लिहितो आणि चौथा गेल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल आणायला गेलेला असतो. प्रयोगाचं सगळं यश या चौथ्यावर अवलंबून असतं.

जर्नल आलं की गोळा थांबतो. त्याचं काम संपलेलं असतं. आता गणित सुरू होतं, आणि ते उलटं चालतं. ‘जी’ ९८० यायला हवा, लांबी १०० सेंटिमीटर धरली, तर चार पाय वर्ग गुणिले १०० भागिले ९८०, त्याचं वर्गमूळ, त्याला विसाने गुणलं की आलं : ४०.१४ सेकंद. मुलं प्रामाणिकपणे ४०.१४ लिहितात. व्हायव्हात मी विचारतो, ‘‘बाळा, या घड्याळावर सेकंदाचे दहाच भाग आहेत. दशांशानंतरचा हा चार कुठून आणलास?’’ बाळ घड्याळाकडे पाहतो, छताकडे पाहतो, मग शेजारच्या टेबलाकडे पाहतो. शेजारच्या टेबलावरही ४०.१४ च असतं.

हुशार मुलं असं करत नाहीत. त्यांना सीनियरनी शिकवलेलं असतं की थोडं खालीवर लिहायचं. ४०.१, ४०.२, परत ४०.१. यात एक मौज आहे, ती कुणी करून पाहत नाही म्हणून सांगतो. ४०.१ सेकंद धरले तर ‘जी’ येतो ९८२ आणि ४०.२ धरले तर येतो ९७७. म्हणजे घड्याळाचा काटा एक बारीक रेघ पुढे सरकला की उत्तर पाचांनी खाली येतं, आणि मधलं ९८० त्या घड्याळाला एका रीडिंगमध्ये दिसतच नाही. त्यात माणसाचा अंगठा बटणावर दाबायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा घेतो. इतकं असून आपल्या जर्नलांत उत्तर असतं ९८०.४३. त्या शेवटच्या तीनाचा मला फार अभिमान वाटतो. तो आकडा मोजायला जगातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळा निर्वात नळ्या आणि लेसर घेऊन बसतात, आमच्याकडे तो बुचात दोरा चिमटून मिळतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ९८० हे उत्तर महाराष्ट्रात मुळात चूक आहे.

पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, शिवाय फिरते आहे, त्यामुळे ‘जी’ सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला तो ९७८.० च्या जवळ असतो, ध्रुवांवर ९८३.२. पुस्तकात छापलेला ९८०.६६५ हा आकडा १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून टाकला, तो ४५ अंश अक्षांशावर समुद्रसपाटीला धरून. आपण बसलो आहोत अठरा-वीस अंशांवर. मुंबई काय, पुणे काय, इथे ‘जी’ ९७८ आणि वर थोडा, नऊशे साडेअठ्ठ्याहत्तर म्हणा फार तर. महाबळेश्वरला चढून गेलात तर किंचित आणखी कमी. मग बरोबर ९८० कुठे येईल? अक्षांश अडतीस, समुद्रसपाटी. नकाशात बोट फिरवलं तर ते अथेन्सवर थांबतं. आणि ज्या पुस्तकात ९८१ दिलंय, त्या पुस्तकाची मुलं थेट पॅरिसला पोचतात. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात, पत्र्याच्या शेडखाली, वीस-वीसच्या बॅचने पोरं बसतात आणि दोन तासांत अथेन्सचं गुरुत्वाकर्षण मोजून, जर्नलवर सही घेऊन एस.टी. पकडतात. विद्यापीठाला प्रवासभत्ताही द्यावा लागत नाही.

एखादा मुलगा चुकून खरंच मोजतो. त्याचा ‘जी’ ९७८ येतो. सर जर्नल बघतात, कपाळाला आठी घालतात आणि लाल शाईने लिहितात : ‘रिपीट’.

हे रिपीट प्रकरण मी फार मनावर घेतलं, कारण इतिहासात या लाल शाईपासून एक माणूस थोडक्यात वाचला. झाँ रिशे त्याचं नाव. १६७२ साली फ्रेंच अकादमीने त्याला मंगळाच्या निरीक्षणांसाठी दक्षिण अमेरिकेत केयेनला पाठवलं होतं, विषुववृत्ताच्या अगदी जवळ. पॅरिसला व्यवस्थित लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. रिशेने लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा कुठे ते सुधारलं, आणि त्याने तसं लिहून ठेवलं. या नोंदीवर पुढे न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त बोट ठेवलं : विषुववृत्तापाशी गुरुत्व कमी आहे, आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. आता रिशे आमच्या एफ.वाय.च्या ब बॅचमध्ये असता तर? सरांनी पहिला प्रश्न विचारला असता, ‘‘पंखा बंद केला होतास का?’’ दुसरा, ‘‘पार्टनर कोण होता?’’ त्याने मुकाट्याने पॅरिसच्या मुलाचं जर्नल मागून आणलं असतं, लांबी खोडरबरने नीट केली असती, आणि पृथ्वी आणखी काही वर्षं चेंडूसारखी गोल राहिली असती.

ही जुळवाजुळव फक्त आपलीच पोरं करतात असं समजून कुणी मान खाली घालू नये. मिलिकनने तेलाचे थेंब वापरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. हवेच्या विष्यंदितेचा आकडा चुकीचा धरल्याने त्याचं उत्तर जरासं कमी आलं होतं. रिचर्ड फाइनमनने १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात पुढची गंमत सांगितली : नंतर ज्यांनी ज्यांनी हे मोजलं, त्यांची उत्तरं एकदम सुधारली नाहीत, थोडी वर, मग आणखी थोडी वर, अशी लाजत लाजत चढत गेली. कारण उत्तर मिलिकनपासून फार लांब आलं की माणूस आपल्या प्रयोगात खोट शोधायचा, आणि जवळ आलं की शोधायचा नाही. म्हणजे गेल्या वर्षीचं जर्नल तिथेही होतं. फक्त त्यावर नोबेलवाल्याचं नाव होतं.

भौतिकशास्त्राच्या वरच्या मजल्यावर रसायनशास्त्र असतं. जिना चढताना वासावरून कळतं. तिथली नीती आणखी कडक. टायट्रेशनमध्ये आधी पायलट रीडिंग घ्यायचं, मग तीन रीडिंगं, आणि त्यांतून सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. कॉन्स्टंट हा शब्द छापलेलाच असल्यामुळे पोरांचाही नाइलाज असतो. ९.८, ९.८, ९.८. ब्युरेट गळकी असो, तिची तोटी ग्रीसने बरबटलेली असो, तीनदा ९.८. शेवट ओळखायचा तो फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगावरून, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ‘फिकट गुलाबी’. हा फिकट गुलाबी एका थेंबात येतो आणि एका थेंबात जातो. तो पाहिलेला विद्यार्थी भेटणं कठीण. बाकी सगळ्यांच्या फ्लास्कात लग्नातल्या शालूचा राणी रंग असतो. मॅडम येऊन बघतात, ‘‘अगं, हे काय केलंस?’’ म्हणतात. मुलगी म्हणते, ‘‘मॅडम, लास्ट ड्रॉप जास्त पडला.’’ फ्लास्कात साधारण तीन मिलिलिटर जास्त पडलेलं असतं, म्हणजे साठेक थेंब. त्यांतला लास्ट कोणता, हे ती मॅडमना सांगू शकत नाही.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसला तर ब्युरेटही लागत नाही, मामा लागतात. मामा म्हणजे लॅब अटेंडंट. पंचवीस वर्षांत त्यांनी बाटल्या भरल्यात, कोणत्या बाटलीत काय ते त्यांच्याइतकं विभागप्रमुखांनाही माहीत नसतं. परीक्षेच्या दिवशी मामा टेबलांमधून नुसते फिरतात. कुणाशी बोलत नाहीत. फक्त एखाद्या टेबलापाशी थांबून सहज म्हणतात, ‘‘काय उकाडा आहे, फिटकरीचं पाणी शिंपडलं पाहिजे.’’ आणि त्या रांगेतल्या सगळ्यांना अ‍ॅल्युमिनियम सापडतं. मग पोरं मागे जाऊन त्याच्या टेस्ट लिहितात : ग्रुप एक नाही, ग्रुप दोन नाही, ग्रुप तीन-अ, पांढरा चिकट साका. साका खरंच तसाच येतो, पण तो पुस्तकात. परीक्षानळीत काय आलं हे बघायला वेळ कुणाला असतो?

उपकरणांचंही सांगायला हवं. चांगली उपकरणं आमच्याकडे आहेत. कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे, किल्ली डेड स्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्यांकडे आहे, आणि ते रजेवर आहेत. एखादं नवं स्पेक्ट्रोमीटर येतं, त्याची नोंद होते, त्याच्यावर रंगाने नंबर घातला जातो, आणि ‘पोरं मोडतील’ म्हणून ते आत जातं. कमिटी येते तेव्हा बाहेर निघतं. कमिटीला दाखवताना त्यावरचा प्लास्टिकचा कागद काढायचा की ठेवायचा, यावर आमच्या विभागात एकदा मतदान झालं होतं. ठेवायचं ठरलं.

एवढं सगळं करून उपयोग किती? कॉर्नेलच्या नताशा होम्स आणि स्टॅनफर्डचे कार्ल वीमन (हे वीमन २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले) यांनी हे मोजून पाहिलं. तीन संस्था, नऊ कोर्स. वर्गात शिकवलेला विषय पक्का व्हावा म्हणून ज्या लॅब घेतल्या जात होत्या, त्या केलेल्या आणि न केलेल्या मुलांची अंतिम परीक्षेतली उत्तरं ताडून पाहिली. फरक निघाला जवळजवळ शून्य. २०१८ मध्ये ‘फिजिक्स टुडे’त हे छापून आलं. मी विभागाच्या मीटिंगमध्ये हे मोठ्याने वाचलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, ‘‘शून्य कसं? एरर किती?’’ इतकी वर्षं जर्नलं तपासताना हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

या दोघांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक वेगळी रीतही करून पाहिली होती. त्यातही हाच लंबक. मुलांना ‘जी’ काढायला सांगितलं नाही. सांगितलं एवढंच : १० अंशांतून सोडलेला लंबक आणि २० अंशांतून सोडलेला लंबक, दोघांचा झोका सारखाच का? ताडून बघा, मोजणी सुधारा, परत ताडून बघा. पुस्तकातलं सूत्र म्हणतं सारखाच. पण ते सूत्र लहान कोनापुरतं खरं. २० अंशांचा झोका अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक लांब असतो. गबाळं मोजलं तर पुस्तक बरोबर ठरतं, नीट मोजलं तर पुस्तक उघडं पडतं. विद्यार्थ्यापुढे टाकायला याहून चांगलं आमिष मला माहीत नाही.

आमच्या एका तरुण मॅडमनी हे इथे करायचं ठरवलं. पहिल्या तासाला पोरांची अवस्था बघवत नव्हती. मॅन्युअल नाही, सूत्र नाही, जर्नल आणायला गेलेला चौथा रिकाम्या हाताने परत आलेला, कारण सीनियरांनी हे केलंच नव्हतं.

‘‘मॅडम, आन्सर काय यायला पाहिजे?’’

‘‘तेच तर बघायचंय.’’

‘‘हो, पण साधारण?’’

‘‘मलाही माहीत नाही समजा.’’

यावर मागच्या बाकावरून एक हळू आवाज आला, ‘‘मग शिकवायला कशा आल्या?’’

वीस झोक्यांत दोन्ही कोनांचे आकडे एकमेकांत मिसळलेले. फरक नाही, असं लिहून निम्मी पोरं दप्तर भरायला लागली. मॅडम म्हणाल्या, फरक नाही की तुम्हाला दिसत नाही? मग कुणीतरी ५० झोके मोजायची टूम काढली. दोन टेबलांमध्ये वाद पेटला : झोका टोकाला मोजायचा की मधोमध? टोकाला गोळा रेंगाळतो, नेमकं बटण कधी दाबायचं कळत नाही; मधोमध तो भरधाव असतो, त्यामुळे तिथे खडूची रेघ मारून मोजलं की चूक कमी होते. हे एका मुलीने स्वतः शोधून काढलं आणि शेजारच्या टेबलाला सांगायला नकार दिला. पन्नास झोक्यांत अर्ध्या सेकंदाचा फरक दिसायला लागला. मग संशय. दोरा ताणला जातोय का? बूच सैल आहे का? आणि मग ती ऐतिहासिक घटना घडली. प्रत्येक जर्नलात ‘प्रिकॉशन्स’खाली तिसऱ्या क्रमांकावर जे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं गेलं आहे, ‘पंखा बंद ठेवावा’, ते खरं करायला एक मुलगा उठला आणि त्याने एप्रिल महिन्यात, दुपारी दोन वाजता, स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. कुणी ओरडलं नाही. मामा दारात येऊन बघून गेले. त्यांना वाटलं लाइट गेले.

जागतिक भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात, आणि तिथल्या उपकरणांचं जर्नल कुठल्याच सीनियरकडे नसतं. २०१५ साली ते ऑलिंपियाड आपल्या मुंबईत झालं, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने भरवलं. म्हणजे हे कसं करायचं ते ठाऊक असलेली माणसं मानखुर्दला आहेत. लोकलने जाता येतं. अडचण माणसांची नाही, गुणपत्रिकेची आहे. आपण मार्क उत्तराला देतो आणि मग पोरांनी उत्तर आणलं की कपाळावर हात मारतो. पोरं हुशार आहेत. ज्याला मार्क आहेत ते त्यांनी आणलं.

लंबकाच्या त्या तरुण मॅडमच्या वर्गाची परीक्षा घ्यायला मी इंटर्नल होतो. एक्स्टर्नल बाहेरगावचे, बुजुर्ग, पोहे संपवून थेट कामाला बसलेले. एका मुलीचा पेपर त्यांनी माझ्यापुढे सरकवला. ‘जी’ बरोबर ९७६, अधिक-उणे ३.

‘‘चुकलंय,’’ ते म्हणाले. ‘‘आणि झोके ५० घेतलेत. मॅन्युअलमध्ये २० आहेत.’’

मुलीला बोलावलं. ती म्हणाली, ‘‘सर, ५० घेतले की घड्याळाची चूक पन्नासांत वाटली जाते.’’

‘‘बरं. पण ९८० का नाही आलं?’’

‘‘९७३ ते ९७९ च्या मध्ये कुठेतरी आहे सर. ९८० त्यात बसत नाही.’’

एक्स्टर्नल माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना अक्षांश सांगितला, १९०१ सांगितलं, अथेन्स सांगितलं. ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. ‘‘अथेन्स,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘सिलॅबसमध्ये आहे?’’

मी नाही म्हणालो. पण गृहस्थ मुळात भौतिकशास्त्राचे. आत कुठेतरी टोचलं असावं. ते उठले, बाह्या सरसावल्या, म्हणाले, ‘‘थांबा, मीच घेतो रीडिंग.’’ शेजारच्या टेबलावरचा गोळा त्यांनी हलकेच बाजूला धरला, तिथलं स्टॉपवॉच उचललं आणि बटण दाबलं. काटा हलला नाही. परत दाबलं. कानाशी नेलं.

‘‘मामा, याला चावी द्या हो.’’

‘‘त्याला चावी बसत नाही साहेब,’’ मामा खिडकीतून म्हणाले. ‘‘दिवाळीपासून बंद आहे ते.’’

त्या टेबलावरचा मुलगा सकाळीच पेपर देऊन गेला होता. एक्स्टर्नलनी गठ्ठ्यातून त्याचा पेपर काढला. दहा रीडिंगं होती, सुवाच्य. ‘जी’ आला होता ९८०.२.